प्रशिक्षण अगदीच फुकट नाही

परक्या देशातल्या गावात राहायला जाण्याआधी प्रशिक्षण देतात. पण गावात पडलं की सगळं आपोआप येतं, प्रशिक्षणाचे आठवडे वाया जातात, असं काही जण म्हणतात. भाषेपुरतं मान्य. आफ्रिकेतल्या मलावीत मला तिथली चिचेवा भाषा वर्गापेक्षा यजमानीणबाईंच्या चुलीपाशी न्सिमा घोटताना जास्त आली. (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, उकड काढणाऱ्या हाताला अवघड नाही.) पण काही गोष्टी आपोआप येतात त्या थेट कातडीखाली. तिथे पुत्सी नावाची माशी असते. सावलीत वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर ती अंडी घालते. कपडा अंगात घातला की अळी कातडीत शिरते आणि काही दिवसांत गळू उठतं, मधोमध बारीक भोक. त्यावर व्हॅसलीनचा जाड थर द्यायचा, हवा तुटली की अळी वर येते. त्यापेक्षा कपड्यांवरची अंडी मारायला कोळशाची इस्त्री शिकून घेतलेली बरी! शिवणी, चड्डीचं इलॅस्टिक, सगळं दोन्ही बाजूंनी कडक. पावसाळ्यात तर टॉवेल नि चादरीसुद्धा.

तिथल्या प्रवासाचं वेळापत्रक काय, असंही लोक विचारतात. मिनीबसला ते नसतं, भरली की सुटते. म्हणून रिकामी बघून खिडकी धरू नका, निम्मी भरलेली गाठा. आतल्या गावांना बहुधा माटोला, म्हणजे पिकअपच्या हौद्यात पोती, कोंबड्या आणि आपण. राजधानी लिलाँग्वेहून सकाळीच निघा. अंधारात त्या रस्त्यांवर बिनदिव्यांच्या सायकली आणि गुरं असतात.