मदत हवी आहे : ट्यूमरची मापं जुळत नाहीत, दोन उंदरांना अल्सर (गाठीवर उघडी जखम)

बाल्ब/सी जातीच्या उंदीर माद्यांच्या स्तनग्रंथीत ४टी१ या स्तनकर्करोगाच्या पेशी टोचल्या आहेत. आठवड्यातून तीनदा डिजिटल कॅलिपरने माप घेतो. सूत्र लांबी × रुंदी² ÷ २. परवा एकाच गाठीला एकाने १२ × १० मिमी (६०० घन मिमी) लिहिलं, दुसऱ्याने १२ × ११ (७२६). उपचार आणि कंट्रोल (उपचार न दिलेला) गटांतला फरकही जवळपास एवढाच आहे. शिवाय दोन उंदरांच्या गाठीवरची खपली ओली दिसते. मंजूर प्रोटोकॉलमध्ये (प्रयोगाच्या आराखड्यात) गाठीला १५०० घन मिमीची मर्यादा आहे, अल्सरचा उल्लेख नाही. ठरलेले २१ दिवस पुरे करायचे का?

प्रतिसाद १
रुंदीचा वर्ग होतो, म्हणून १ मिमीची चूक २१ टक्क्यांवर गेली. आधी गाठीवरचे केस काढा. सगळ्यात लांब व्यास घ्या, मग त्याला बरोबर काटकोनात रुंदी. कॅलिपरचे जबडे त्वचेला नुसते टेकवायचे. दाबलं की मऊ गाठ चपटते आणि आकडा घसरतो. प्रत्येक वेळी शून्य तपासा, तीन वाचनांचा मध्यक घ्या. मापणारी व्यक्ती शेवटपर्यंत एकच हवी आणि कोणता पिंजरा कोणत्या गटाचा हे तिला कळता कामा नये. हे शेवटचं सगळ्यात जास्त टाळलं जातं आणि निकाल तिथेच वाकतो.
चपट्या गाठीत हे सूत्र फुगीर उत्तर देतं. उंची ६ मिमी असेल तर लंबगोलाच्या सूत्राने १२ × १० × ६ × ०.५२ म्हणजे सुमारे ३७५, तुमच्या सूत्राने ६००. मात्र प्रयोगाच्या मध्यात सूत्र बदलू नका.

प्रतिसाद २
अल्सरचं आधी बघा. ४टी१ मध्ये तो बऱ्याचदा होतो, त्यामुळे प्रोटोकॉलमध्ये असायलाच हवा होता. १५०० ही वरची हद्द. तिच्या आत त्रास सुरू झाला तर तिथेच थांबायचं. ओली जखम आजच पशुवैद्यकांना दाखवा, निर्णय त्यांचा. प्रोटोकॉलमधली दुरुस्ती संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे लगेच पाठवा.
वजनही फसवतं. समजा सुरुवातीला २० ग्रॅम, आज १८.५, म्हणजे घट ७.५ टक्के वाटते. त्यात १५०० घन मिमीची गाठ, साधारण १.५ ग्रॅम, वजा करा : उरले १७, घट १५ टक्के. पाठीचा कणा बोटांना टोचतो का (उंदीर खंगल्याची खूण), हेही रोज हात लावून पाहा. शेपटीने उचलू नका, नळीतून किंवा ओंजळीत घ्या. घाबरलेला उंदीर स्थिर राहत नाही आणि माप पुन्हा बिघडतं.

प्रश्नकर्ती
हे दोन उंदीर प्रयोगातून काढावे लागले तर त्यांची नोंद वगळायची का?

प्रतिसाद १
अजिबात नाही. काढल्याची तारीख आणि कारण लिहा, तोवरची सगळी मापं ठेवा. मोठ्या गाठींचे उंदीर बाहेर गेले की गटाची सरासरी एकदम खाली येते आणि वाढ थांबल्याचा भास होतो. म्हणून सरासरी काढा ती सगळे उंदीर हयात असलेल्या शेवटच्या दिवसापर्यंतच. पुढे प्रत्येक उंदराची स्वतंत्र रेषा दाखवा.