दोरी उलटी धरली तरी पीळ तोच

एकांनी विचारलंय की उजवा भ्रंश, म्हणजे जमिनीतली अशी भेग की जिच्या पलीकडची जमीन उजवीकडे सरकते, पलीकडच्या बाजूनं पाहिला तर डावा दिसेल ना? नाही दिसत. कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास भ्रंशाच्या कुठल्याही बाजूला उभं राहा, समोरची जमीन उजवीकडेच सरकलेली दिसते. 1906 च्या भूकंपात तिथली सरळ कुंपणं मधोमध तुटून अशीच बाजूला गेली होती. मृत समुद्राजवळचा भ्रंश मात्र डावा.

आमच्याकडे पोळ्याआधी अंबाडीच्या वाखाची दोरी वळतात. ती कशीही फिरवून धरा, पीळ बदलत नाही. बदलतो तो फक्त आरशात. मी डावखुरा, त्यामुळे माझी दोरी कायम उलट्या पिळाची व्हायची. आबाजी ढिगातून नेमकी तीच उचलायचे, "हे तुह्या हातची दिसते बे!"

शंखाचा घोळ वेगळाच आहे, तो नावांचा. पूजेतला दुर्मिळ दक्षिणावर्ती, म्हणजे उजवा, शंख प्राणिशास्त्रात डावा ठरतो. शास्त्रज्ञ शंखाचा शेंडा वर ठेवून तोंड कोणत्या बाजूला उघडतं ते बघतात, पूजेच्या पद्धतीत शेंडा खाली असतो. म्हणजे पीळ तोच, तोंडाची बाजू तेवढी बदलली. हजारो रुपये मोजण्याआधी एवढं तपासून घ्यावं. खोटे शंखही विकले जातात.

आणि वेल कोणत्या बाजूनं पीळ घेत चढतो, याचा गोलार्धाशी संबंध नाही. विषुववृत्ताच्या वर काय नि खाली काय, बहुतेक वेल नेहमीच्या उजव्या स्क्रूच्या आट्यांसारखेच चढतात. मांडवावरचा घेवडा बघा.