बेगोनियाचा फोटो पुरे, की झाड उपटायलाच हवं?

सत्तरीकर: गोव्याच्या सीमेवरच्या चोर्ला घाटात ओल्या कातळांवर सध्या बेगोनिया फुललीय. परवा एका अभ्यासकाने दोन झाडं कंदासकट काढून नमुना म्हणून वाळवायला वर्तमानपत्रात दाबली. का, तर जात नक्की करायचीय! हातातल्या मोबाईलला एवढे कॅमेरे असताना दुर्मीळ झाडावर हात टाकायचाच कशाला? फोटो काढा, जागा नोंदवा, पुढे चला.

परागकण: दादा, बेगोनियाच्या बाबतीत फोटो हमखास फसवतो. एकाच झाडावर नर फुलं वेगळी, मादी वेगळी. जगात दोन हजारांवर जाती. त्यांचे गट लावायचे तर मादी फुलाचा बीजकोश आडवा कापून आत कप्पे किती, बीजं धरणारा भाग अखंड की दुभंगलेला, बाहेरचे पंख कसे, हे बघावं लागतं. २०१८ साली डीएनएच्या आधाराने ७० विभाग पाडले, तरी हे कापणं सुटलेलं नाही. आपल्या घाटातल्या ट्रायकोकार्पा या बेगोनियाच्या जातीचं फळ केसाळ असतं. तुमच्या फोटोत फळ आहे का? नवी जात असेल तर टाइप स्पेसिमेन, म्हणजे ज्यावर नाव ठरतं तो मूळ नमुना, हर्बेरियमला (वाळक्या झाडांच्या संग्रहालयात) ठेवल्याशिवाय नाव ग्राह्यच धरत नाहीत.

सत्तरीकर: नवी असेल तर करा की. पण दर पावसात क्रेनाटा ही नेहमीची बेगोनियाच उपटतात! ती घाटभर आहे.

म्हादयकाठ: क्रेनाटाच आहे हे लांबून कसं कळलं तुम्हाला? अरुणाचलात टेसारिकार्पा ही बेगोनिया शंभराहून जास्त वर्षांनी सापडली. जुनी शीट, म्हणजे कागदावर चिकटवलेला वाळका नमुना, नसती तर ताडली कशाशी असती? आज नेहमीचं म्हणून कुणी दाबलं नाही, तर पन्नास वर्षांनी येणाऱ्याच्या हाती काय?

माटोळीवाला: चवथ आली की माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांच्या सजावटीला, कांगलां, कवंडळं आणायला अख्खा गोवा रानात शिरतो, वर माटोळी स्पर्धेत अधिक दुर्मीळ वस्तूला शाबासकी. तेव्हा कोण बोलत नाही. विद्यार्थ्याने एक शीट केली की लगेच धागा!

सत्तरीकर: माटोळीचं सामान आणणाऱ्याला वेल कुठे कापायची ते ठाऊक असतं. मुळासकट कोण आणतो?

परागकण: हा मुद्दा रास्त आहे. क्रेनाटाला कंद असतो, चांगली संख्या असेल तिथे कंद ठेवून वरचा भाग घेता येतो. चारपाचच झाडं असतील तर मीही एक फूल, एक फळ एवढंच घेईन. पण ‘जागा नोंदवा’ हा तुमचा सल्ला मला शीटपेक्षा भयंकर वाटतो. आयनॅचरलिस्ट हे निसर्गनोंदींचं संकेतस्थळ संकटग्रस्त जातींची जागा अक्षांश-रेखांशाच्या ०.२ अंशांच्या चौकटीत लपवतं, म्हणजे क्षेत्रफळाने जवळजवळ आपला अख्खा सत्तरी तालुका. इथे या धाग्यांवर लोक घाटातलं वळणसुद्धा सांगून मोकळे होतात, आणि कुंडीत लावायला नेणारे तेच वाचतात.

सत्तरीकर: ठीक, जागेचं मागे घेतो. उपटण्याचं नाही. अभयारण्यात वनखात्याची लेखी परवानगी लागते. परवा त्या अभ्यासकाला ती विचारली तर साहेब नुसते हसले.