घाट उतरल्यावर निळा धूर. गॅरेजवाला म्हणतो इंजिन उतरवा

पोफळीकर:
नमस्कार मंडळी. गाडी २०१० ची, १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, सोळा वॉल्व्ह. १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. वडिलांनी घेतलेली पहिली गाडी, विकायची नाही. आईच्या तपासणीसाठी महिन्यातून दोनदा कराडला जाणं होतं.

गेल्या आठवड्यात परतताना कुंभार्ली घाट दुसऱ्या गिअरवर उतरलो. पायथ्याशी ॲक्सिलरेटर दिला आणि आरशात मागचा रस्ताच दिसेना, एवढा निळसर धूर. मागच्या दुचाकीवाल्याने हात करून थांबवलं. दोन मिनिटांत सगळं साफ. सकाळी पहिल्या स्टार्टलाही एक भपका येतो, मग काही नाही. दीड हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल घालावं लागतंय, पण गाडीखाली एक थेंब पडलेला नसतो.

गॅरेजमध्ये नुसता धूर बघून सांगितलं, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवायचं, ५५ हजार. पीयूसी तर मागच्याच महिन्यात पास झालीय. काय करू?

वऱ्हाडी:
माझ्या गाडीला पांढरा धूर होता. हिवाळ्यात सकाळी दिसतो तो वाफेचा पांढरा वेगळा, पाच-दहा मिनिटांत जातो. माझा जात नव्हता, गोडसर वास यायचा आणि कूलंट कमी व्हायचं. शेवटी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं (हेडखालचं) पॅकिंग, गेलेलं निघालं. तुमचं कूलंट कमी होतंय का?

पोफळीकर:
नाही, कूलंटची पातळी जिथल्या तिथे आहे. ऑइलच्या झाकणाखालीही कूलंट मिसळल्याची पांढरट साय नाही.

तेराचा पाना:
पोफळीकर, इंजिन उतरवू नका. निदान अजून तरी नाही. कराडला ३१ वर्षं गॅरेज चालवतोय, घाट उतरून आलेल्या गाड्या खूप बघितल्यात.

निळा म्हणजे ऑइल जळतंय, एवढं तुमच्या गॅरेजवाल्याचं बरोबर. पण रंगापेक्षा धूर कधी येतो ते बघा. उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेला असतो, थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, बंद, इंजिन मात्र जोरात फिरतंय. मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांत, जबरदस्त व्हॅक्युम तयार होतो आणि वॉल्व्हच्या दांड्यावरच्या रबरी सीलमधून, दांडा ज्या नळीत सरकतो त्या गाइडच्या कडेने वरचं ऑइल आत ओढलं जातं. पायथ्याशी ॲक्सिलरेटर दिलात की ते सगळं एकदम जळतं. सकाळचा भपकाही तसाच. रात्रभर ऑइल सीलमधून झिरपून वॉल्व्हच्या पाठीवर साचतं. रिंगा गेलेली गाडी घाट चढताना, लोड घेताना, सारखी धूर सोडते. चढताना येतो का धूर, ते सांगितलंच नाहीत तुम्ही.

पीयूसीवर जाऊ नका. पेट्रोल गाडीची ती तपासणी उभ्या गाडीवर होते, त्यात तुमचा घाटातला धूर कुठून सापडणार?

आता करायचं काय. आधी पीसीव्ही वॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या पोटातले वायू परत हवेच्या वाटेत सोडणारी झडप, काढून हलवून बघा. खडखड वाजला पाहिजे. चिकटला असेल तर तोही ऑइल ओढायला लावतो आणि बदलायला फार खर्च नाही. मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजायचं. इंजिन गरम, चारही स्पार्क प्लग बाहेर, फ्युएल पंपाचा फ्यूज आणि इग्निशन कॉइलचे कनेक्टर काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा. बॅटरी चार्ज असू द्या, नाहीतर आकडे खोटे येतात. चारही लिहून ठेवा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वाढला तर रिंगा गेल्यात, ऑइलने त्यांची फट बुजली म्हणून. तिथेच राहिला तर बहुधा रिंगा ठीक आहेत.

आणि दुकानात धूर बंद करायची बाटली मिळते, ती घेऊ नका. जाड ऑइलही घालू नका. चार दिवस बरं वाटतं, पण सोळा वॉल्व्हच्या या इंजिनात बारीक वाटांमधून पातळ ऑइलच वेळेवर पोचतं.

पोफळीकर:
काका, चढताना अजिबात धूर नाही. काल मुद्दाम हेळवाकपर्यंत जाऊन आलो, मागे भावाला दुचाकीवर ठेवलं होतं. चिपळूणच्या दुसऱ्या एका गॅरेजमध्ये टेस्ट केली. १७२, १६८, १७०, १६५ पाऊंड दाब. ऑइल घालून सगळे पाच-सात पाऊंडांनीच वाढले. पीसीव्ही खडखडतोय.

तेराचा पाना:
मग सील. एवढं तर ऑइलच्या जाडीनेही वाढतं.

हेडसुद्धा उतरवायला नको. टायमिंगच्या खुणा करून वॉल्व्ह उघडणारे कॅम बाहेर काढायचे. एकेक पिस्टन पूर्ण वर आणून प्लगच्या भोकातून हवा भरायची म्हणजे वॉल्व्ह खाली पडत नाहीत. गाडी गिअरमध्ये आणि हँडब्रेकवर ठेवायला सांगा, हवेने इंजिन फिरू शकतं. मग स्प्रिंग दाबून ती वॉल्व्हवर धरून ठेवणारे छोटे लॉक काढायचे, जुनं सील ओढून नवं बसवायचं. ऑइल खाली जायच्या भोकांत चिंध्या कोंबूनच सुरुवात करायची. एक लॉक आत पडलं तर शोधताना दिवस जातो. सोळाच्या सोळा सील बदला, नुसती इनटेकची, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वॉल्व्हची, बदलून थांबू नका. आणि काढलेली सील हातात मागून घ्या.

पोफळीकर:
मंडळी, काम झालं. दोन दिवस लागले, सील, टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि मजुरी धरून ७,८०० रुपये. जुनी सील माझ्याकडे आहेत. रबर नखाने दाबलं तर दबत नाही, प्लॅस्टिकसारखं कडक झालंय, दोन तर चिरलेली.

पण काका, गॅरेजमधून निघालो तर धूर आहेच! थोडा कमी, पण आहे. पोटात गोळा आला.

तेराचा पाना:
घाबरू नका. सायलेन्सरमध्ये इतके महिने बसलेलं ऑइल आहे, ते जळून जाऊ दे. शंभर-दीडशे किलोमीटर चालवा आणि मग घाट उतरा.

पोफळीकर:
काल आईला घेऊन कराडहून आलो. कुंभार्ली पूर्ण दुसऱ्या गिअरवर, पायथ्याशी ॲक्सिलरेटर जोरात दिला. आरशात मागचा ट्रक नंबरासकट दिसत होता. भपका नाही. पुढच्या दीड हजारात ऑइल किती उतरतं ते इथेच लिहीन. काका, पुढच्या खेपेला तुमच्या गॅरेजवर येतो, सील दाखवायला.