कफार एत्झिऑन: घरी परतणं की बेकायदा वसाहत?

रानवाट: वेस्ट बँकमधल्या सगळ्या इस्रायली वसाहती बेकायदा असं लोक सरसकट म्हणतात, मग कफार एत्झिऑनचं काय? जेरुसलेम-हेब्रॉन रस्त्याजवळची ही जमीन ज्यूंनी पैसे मोजून घेतलेली, 1943 मध्ये तिथे किबुत्झ (ज्यूंची सामूहिक शेतीवस्ती) उभं राहिलं. 13 मे 1948 ला, इस्रायलची घोषणा व्हायच्या आदल्या दिवशी, ते अरब फौजांच्या हाती पडलं. शरण आलेल्यांनाही सोडलं नाही, शंभरावर माणसं गेली. लहान मुलांना आधीच जेरुसलेमला हलवलेलं म्हणून ती वाचली आणि पुढची 19 वर्षं सीमेच्या अलीकडून तिथलं ते एकटं ओकचं झाड बघत वाढली. 1967 च्या युद्धात इस्रायलने जॉर्डनकडून वेस्ट बँक घेतली आणि त्याच सप्टेंबरमध्ये त्यांच्यातलीच काही परत गेली. याला कब्जा कसं म्हणू?

शालन: झाडाचं वाचून गलबलून आलं. पण त्याच सप्टेंबरमध्ये इस्रायलच्याच परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार थिओडोर मेरॉन यांनी गुप्त टिपणात लिहून दिलं होतं की व्याप्त (युद्धात ताब्यात घेतलेल्या) भागात नागरी वस्ती केली तर युद्धकाळात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या चौथ्या जिनिव्हा कराराचा भंग होतो. सरकारला कळत होतं, म्हणूनच तर बाहेर सांगताना लष्करी ठाणं म्हणून सांगितलं.

रानवाट: व्याप्त कोणाचं पण? जॉर्डनने 1950 मध्ये तो भाग जोडून घेतला ते ब्रिटनसारख्या एकदोन देशांनीच मानलं.

शालन: 2004 ला इस्रायलने वेस्ट बँकमध्ये बांधलेल्या भिंतीच्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा मुद्दा तपासून करार लागू होतो असंच सांगितलं, 2024 मध्ये पुन्हा. आणि सातबारा तुमच्या नावावर असला म्हणून तिथे तुमच्या देशाचं राज्य येत नाही हो!

दर्यावर्दी: मला एकच विचारायचंय. 1948 ला पश्चिम जेरुसलेमच्या कतमोन, तालबियामधून गेलेल्या पॅलेस्टिनी कुटुंबांनी घराच्या किल्ल्या अजून जपून ठेवल्यात. 1950 च्या कायद्याने ती घरं सरकारजमा झाली. एकाला 19 वर्षांनी झाडापाशी परत जाता येतं, दुसऱ्याला किल्ली हातात असून दार उघडता येत नाही, हे कुठल्या न्यायात बसतं?

रानवाट: किल्लीला माझ्याकडे उत्तर नाही, खोटं कशाला बोलू. पण बाप जिथे मेला तिथून त्या पोरांना परत उठवा, हेही मला पटणार नाही.

शालन: त्यांचं दुःख मलाही कळतं, पण त्या एका किबुत्झच्या नावाखाली 80 च्या दशकात आजूबाजूला एफ्रात, बेतार इलित या वसाहती उभ्या राहिल्या. तिथे कोणाचा बाप मेला होता?