चर्चा: पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी मुलापर्यंत कोणी पोहोचायचे?

धागाकर्ती (निवृत्त शिक्षिका, लोकमान्यनगर, ठाणे)

गेल्या महिन्यात आमच्या भागात एका खासगी क्लासबाहेर नववी-दहावीतल्या मुलांच्या दोन गटांत मारामारी झाली. इन्स्टाग्रामवरच्या एका फोटोखाली कोणीतरी आईवरून शेरा लिहिला, त्याचा जाब विचारायला दुसरा गट आला आणि प्रकरण कमरेचे पट्टे, क्रिकेटचा स्टंप आणि शेवटी फरशीचा तुकडा इथपर्यंत गेले. एका मुलाच्या डोक्याला टाके पडले. त्यानंतर परिसरातल्या सोसायट्यांच्या बैठकीत तीन मागण्यांचे निवेदन तयार झाले: चौकात कॅमेरे बसवावेत, संध्याकाळची पोलीस गस्त वाढवावी, आणि भागातल्या वाया गेलेल्या मुलांची नावे गोळा करून ती यादी पोलीस ठाण्यात द्यावी. पहिल्या दोन मागण्यांना माझा पाठिंबा आहे. तिसरीला विरोध आहे. तो का आहे आणि त्याऐवजी काय करता येईल, यासाठी हा धागा.

कोणताही मुलगा एका दिवसात हाताबाहेर जात नाही. सातवीत तो अधूनमधून गैरहजर राहू लागतो, मग मधल्या सुट्टीनंतर दप्तर घेऊन परस्पर निघून जातो. आठवीत त्याच्या हातात घरच्यांनी न घेतलेला मोबाईल दिसतो, मोठ्या मुलांच्या गाडीवर तो तिसरा म्हणून बसलेला असतो, तलवारीने केक कापतानाच्या एखाद्या रीलमध्ये मागे उभा राहून टाळ्या वाजवत असतो. हे वर्गशिक्षकाला ठाऊक असते, शाळेच्या शिपायाला ठाऊक असते, दारातल्या वडापाववाल्यालाही ठाऊक असते. त्यावर काही करणे मात्र कोणाच्याच नेमून दिलेल्या कामात बसत नाही. मुलगा परीक्षेला बसला नाही की पटावरून नाव कमी होते आणि तिथे शाळेचा त्याच्याशी संबंध संपतो.

शिक्षण हक्क कायद्याने दिलेली मोफत शिक्षणाची हमी सहा ते चौदा या वयासाठी आहे. म्हणजे धोक्याचे वय जिथे सुरू होते, नेमकी तिथेच ती थांबते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार देशात अल्पवयीनांविरुद्ध 30,555 गुन्हे नोंदले गेले, त्यांत 4,406 गुन्ह्यांसह महाराष्ट्र पहिला होता, आणि ताब्यात घेतलेल्या मुलांपैकी पाचांतली जवळपास चार मुले 16 ते 18 वयोगटातली होती. त्यांतली बरीचशी मुले तीन-चार वर्षांपूर्वी कोणाच्या तरी वर्गात, बहुधा शेवटच्या बाकावर, बसलेली होती.

माझी सूचना अशी आहे की, सहावी ते नववीतला मुलगा काही न कळवता सलग काही दिवस आला नाही, तर त्याच्या घरी कोणीतरी गेले पाहिजे. हे जाणारे माणूस पोलीस नसावे, शाळेच्या फीची आठवण करून देणारेही नसावे. दोन-तीन शाळांमागे एक प्रशिक्षित समुपदेशक प्रभागात नेमावा. शाळांची मैदाने संध्याकाळी उघडी ठेवावीत आणि ज्यांच्या घरात पाठ टेकायलाही जागा नाही त्यांच्यासाठी रात्री उशिरापर्यंत अभ्यासिका चालवाव्यात. हे ठाण्यात अशक्य नाही. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली 2016 पासून सिग्नल शाळा चालते, तीही महापालिका आणि एका संस्थेने मिळून. रत्नाकर मतकरी यांनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर याच शहरात 'वंचितांचा रंगमंच' उभा केला आणि वस्त्यांतली मुले स्वतःच्या जगण्यावर नाटके बसवू लागली. ज्या मुलाला आपले म्हणणे चारचौघांत मांडायची सवय लागते, त्याच्या हातात फरशी येण्याची शक्यता कमी होते, असा माझा विश्वास आहे.

एक पालक, ठाणे

बाई, तुमच्याबद्दल आदर ठेवूनच लिहितो. ज्या मुलाच्या डोक्याला टाके पडले, तो माझा मुलगा. तुमची सगळी मांडणी मी दोनदा वाचली. त्यात मारणाऱ्या मुलाच्या घरी कोणी जावे, त्याच्यासाठी मैदान असावे, नाटक असावे, हे सगळे आहे. माझ्या मुलाच्या घरी कोण आले? शाळेतून एक फोन आला, तोही वैद्यकीय दाखला मागण्यासाठी. तो अजून क्लासला एकटा जात नाही आणि संध्याकाळी खाली खेळायला उतरत नाही.

सोळा वर्षांचा मुलगा दगड उचलतो तेव्हा त्याला परिणाम कळत असतो. त्याला हेही कळत असते की आपण अठराच्या आत आहोत आणि आपले फारसे काही बिघडणार नाही. 2024 च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण जीव गेल्यावर गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला काही तासांत जामीन मिळाला आणि 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला. तो आदेश पुढे बदलला, पण ही बातमी आमच्या चौकातल्या प्रत्येक मुलाने वाचली आहे. यादीला माझा पाठिंबा आहे, कारण आपल्यावर नजर आहे हे तरी त्यांना कळेल.

बाल न्याय मंडळापुढे काम करणारी वकील, कळवा

दादा, तुमच्या मुलाला जे सोसावे लागले त्याची दखल व्यवस्थेने घेतली नाही, हे तुमचे म्हणणे रास्त आहे. 'काही बिघडत नाही' हे मात्र अर्धेच खरे आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 15 नुसार, ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे अशा घृणास्पद गुन्ह्यात 16 वर्षांवरील मुलाचे प्राथमिक मूल्यमापन करून त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याचा निर्णय मंडळ घेऊ शकते.

खरी पोकळी त्याच्या अलीकडे आहे. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांनुसार, गुन्हा घृणास्पद नसेल आणि त्या गुन्ह्यात मुलाबरोबर कोणी प्रौढ सामील नसेल, तर प्रथम खबर अहवाल नोंदवायचा नसतो. पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या कौटुंबिक व सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल तयार करायचा असतो. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा असे कलम 107 सांगते. म्हणजे पहिल्याच चुकीच्या वेळी त्या मुलाचे घर, शाळा, संगत आणि व्यसन हे सगळे कागदावर यावे, अशी सोय कायद्यात आधीच आहे. तो कागद पुढे एखाद्या समुपदेशकाकडे जात नाही, घरी कोणी जात नाही, आणि तोच मुलगा वर्षभराने गंभीर कलमाखाली भिवंडीच्या निरीक्षणगृहात येतो तेव्हा आम्ही तो पहिला अहवाल शोधत बसतो. भिवंडीला मुलाच्या भेटीला आलेल्या आयांशी बोलले की बहुतेक जणी एकच सांगतात: शाळा सुटली तेव्हाच कोणीतरी विचारायला हवे होते.

यादीबद्दल स्पष्ट सांगते. ज्यांनी काही केलेलेच नाही अशा मुलांची नावे नागरिकांनी गोळा करून द्यावीत, याला बाल न्याय कायद्यात आधार नाही. गुन्हा केलेल्या मुलालाही कलंक लागेल अशी भाषा वापरू नये, हे त्या कायद्याच्या कलम 3 मधले तत्त्व आहे. त्याऐवजी निवेदनात कलम 83 चा उल्लेख करावा. मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड त्यात सांगितला आहे. मुलांच्या हातात वस्तू देणारा मोठा माणूस कोण, हे आपल्या चौकात सगळ्यांना माहीत असते.

निवृत्त पोलीस अधिकारी, रबाळे, नवी मुंबई

मॅडमनी कायदा बरोबर सांगितला आहे, तरीही जमिनीवरचे थोडे सांगतो. दिघ्यापासून तुर्भे स्टोअरपर्यंतच्या वस्त्यांत माझी बरीच नोकरी गेली. कोणता मुलगा कोणत्या भाईच्या मागे फिरतो, हे बीटवरच्या हवालदाराला यादीशिवायही पाठ असते. त्यामुळे यादीने नवे काही कळणार नाही, हे मान्य. पण समुपदेशकावर सगळी भिस्त ठेवायलाही मी तयार नाही. तो अकरा महिन्यांच्या कंत्राटावर येतो, मुलाचा विश्वास बसेपर्यंत त्याची मुदत संपते, आणि पुढचा नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून तेच प्रश्न विचारतो. तिसऱ्या माणसाला मुलगा उत्तर देत नाही.

शिवाय यात नशेचा भाग मोठा आहे आणि बाईंच्या मांडणीत तो आलाच नाही. ज्याला मुले 'बटन' म्हणतात त्या झोपेच्या गोळ्या, खोकल्याचे औषध, पंक्चरचे सोल्यूशन, हे बारा-तेराव्या वर्षी सुरू होते. गोळी घेतलेल्या मुलाला भीती राहत नाही आणि दुसऱ्या दिवशी काय केले ते आठवतही नाही. विकणाऱ्याला आत टाकल्याशिवाय घरोघरी फिरून काही उपयोग नाही. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहर सुरामारीसाठी बदनाम होते, तिथे 2005 मध्ये हिंसाचार कमी करण्याचा विभाग काढला तो पोलिसांनीच. टोळ्यांतल्या मुलांना न्यायालयात बोलावून नोकरी-शिक्षणाची मदत देऊ केली आणि त्याच बैठकीत, मदत नाकारून मारामारी केली तर संपूर्ण टोळीमागे लागू, हेही बजावले. दोन्ही हात लागतात. आणि अशा मुलांना एकदा ठाण्याचा मध्यवर्ती तुरुंग आतून दाखवावा, म्हणजे काय वाट पाहत आहे ते समजेल.

समाजकार्याची प्राध्यापिका, ऐरोली

तुरुंग दाखवण्याच्या सूचनेला माझा ठाम विरोध आहे. अमेरिकेत 1970 च्या दशकापासून मुलांना अट्टल कैद्यांसमोर नेऊन घाबरवण्याचे कार्यक्रम झाले. त्यांच्या नियंत्रित अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा अशी मुले न नेलेल्या मुलांपेक्षा पुढे अधिक गुन्हे करतात असे आढळले.

पण धागाकर्तींनाही एक अवघड गोष्ट सांगायला हवी. लवकर केलेली मदत आपोआप हिताची ठरते असे नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यात 1939 मध्ये 506 मुलगे घेऊन एक प्रयोग सुरू झाला. निम्म्यांच्या घरी कार्यकर्ते नियमित जात, अभ्यासाला मदत करत, डॉक्टरकडे नेत, उन्हाळी शिबिरांना पाठवत. म्हणजे बाईंनी सुचवले आहे जवळपास तेच. जोन मॅकॉर्ड यांनी तीस वर्षांनंतर त्या मुलांचा शोध घेतला. मदत मिळालेल्या गटाला फायदा तर झाला नव्हताच, उलट दारूचे व्यसन, मानसिक आजार, पुन्हा गुन्हा करणे अशा काही बाबतींत त्यांची स्थिती दुसऱ्या गटापेक्षा वाईट होती. बिघडण्याच्या वाटेवरची मुले एकत्र करून त्यांचाच एक गट बनवला की ती एकमेकांकडून शिकतात, हा त्याचा एक अर्थ लावला जातो. म्हणून कार्यक्रम कोणता, हे चांगल्या हेतूपेक्षा जास्त महत्त्वाचे आहे.

उपयोगी ठरलेल्याचेही उदाहरण देते. शिकागोच्या शाळांत सातवी ते दहावीच्या मुलग्यांसाठी आठवड्यातून एक तास गटबैठक घेण्याचा कार्यक्रम आहे. पहिल्या बैठकींतल्या एका खेळात मुलांच्या जोड्या करतात, एकाच्या मुठीत चेंडू देतात आणि दुसऱ्याला सांगतात की तीस सेकंदांत तो मिळव. जवळजवळ प्रत्येक जण बोटे पिरगाळतो, ओढाताण करतो. मग शिक्षक विचारतो, 'चेंडू देतोस का, असे कोणी विचारले का?' बहुतेकांना ते सुचलेलेच नसते. मनात पहिली उसळी आली की क्षणभर थांबायचे, एवढेच तिथे वर्षभर घोटून घेतात. सोडत काढून निवडलेल्या मुलांवर हा अभ्यास झाला आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका 45 ते 50 टक्क्यांनी कमी झाल्या. अडचणीच्या वस्तीतल्या शाळेत, वर्गाच्या वेळात हे होते, त्यामुळे गावभर बभ्रा होत नाही. क्लासबाहेरची ती मारामारी एका शेऱ्यावरून झाली होती, हे इथे लक्षात घ्यावे.

गोविंदा पथकाचा प्रशिक्षक, कोपरी, ठाणे पूर्व

मी शिकलेला कमी आहे, पण एक विचारतो. गुरुपौर्णिमेला आमचा सराव सुरू होतो आणि दहीहंडीपर्यंत वस्तीतली पोरे रोज रात्री मैदानात असतात. वेळेवर येतात, खालच्या थरात कोणाचा खांदा दुखतो आहे हे ओळखतात, वरचा पडू नये म्हणून स्वतः सोसतात. सरावाच्या दिवसांत नशा केलेला मुलगा मी मैदानात घेत नाही आणि ते सगळ्यांना मान्य असते. हंडी फुटली की दुसऱ्या दिवसापासून तीच पोरे नाक्यावर. उरलेले दहा महिने त्यांना कोणी बोलावत नाही. समुपदेशक नेमाल तर त्याने आधी आमच्यासारख्यांना येऊन भेटावे. पोरगा घरी सांगत नाही ते मला सांगतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे वाचून निवेदनातल्या तिसऱ्या मागणीचा नवा मसुदा लिहिला आहे. यादी काढून टाकली. त्या जागी चार गोष्टी: पोलीस ठाण्यात तयार होणारा पार्श्वभूमी अहवाल ठरावीक मुदतीत जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जावा आणि पुढे काय झाले ते नोंदले जावे, समुपदेशकाची नेमणूक किमान तीन वर्षांसाठी असावी, शिकागोसारखी गटबैठक काही मुले वेगळी न काढता पूर्ण वर्गासाठी व्हावी, आणि गोळ्या विकणाऱ्यांवर कारवाईची मागणी स्वतंत्र व ठळक असावी. ज्याला मार बसला त्या मुलाच्या घरी समुपदेशकाने सर्वांत आधी जावे, हे वाक्य दादांच्या प्रतिसादामुळे आले आहे आणि ते मी पहिल्या क्रमांकावर ठेवले आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात 2014 पासून मानसिक आरोग्य, व्यसन आणि हिंसा हे तिन्ही विषय आहेत, त्यामुळे हे आमच्याकडे येत नाही असे महापालिकेच्या आरोग्य विभागाला म्हणता येऊ नये.

प्राध्यापिकाबाईंना एकच सांगते. मदतीने नुकसान झाल्याचा पुरावा मी गंभीरपणे घेते, तरी गैरहजर मुलाच्या दारात जाणे मला सोडता येणार नाही. गटबैठक ही शाळेत येणाऱ्या मुलासाठी आहे. जो येतच नाही, त्याच्यापर्यंत ती पोहोचणार कशी?

एक पालक, ठाणे

पहिल्या क्रमांकाच्या वाक्याबद्दल आभार, बाई. नव्या मसुद्यावर सही करीन. पण यादीच्या जुन्या निवेदनावरची माझी सही मी आज मागे घेत नाही. तुमचा समुपदेशक नेमला जाईल, तो माझ्या मुलाशी बोलेल आणि त्या दुसऱ्या मुलाच्या घरीही जाऊन येईल, त्या दिवशी घेईन. रविवारच्या बैठकीत हे मी सर्वांसमोर असेच मांडणार आहे.