मदत हवी आहे : दीपगृहाचं चित्र असलेलं ग्रीक-रोमन नाणं खरं कसं ओळखावं?

नमस्कार मंडळी, मी ग्रीक वारशावरची नाणी जमवतो. ग्रीसची दोन युरोची स्मारक नाणी आहेत माझ्याकडे : २००४ चा थाळीफेक करणारा खेळाडू, २०१० चं मॅरेथॉनच्या लढाईचं. ती मिळवणं सोपं. आता मात्र मन अडकलंय इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या फारोस बेटावरच्या दीपगृहावर. इ.स.पू. २८० च्या सुमारास उभं राहिलेलं, शंभर मीटरहून उंच, चौदाव्या शतकात भूकंपांनी पुरतं ढासळलं. ते दिसायचं कसं, याचा फार मोठा पुरावा म्हणजे तिथेच पाडलेली रोमन काळातली नाणी. म्हणून तर हे नाणं मला हवंच आहे!

एक विक्रेता हेड्रियन सम्राटाचं तांब्याच्या मिश्रधातूचं मोठं नाणं दाखवतोय. एका बाजूला सम्राटाचा चेहरा, दुसरीकडे फुगलेलं शीड धरून उभी इसिस देवी आणि तिच्यासमोर मनोरा. मनोऱ्याच्या कोपऱ्यांवर शंख फुंकणारे ट्रायटन (ग्रीक पुराणातले अर्धे माणूस, अर्धे मासे असे समुद्रदेव) पुसटसे दिसतात. ग्रीक अक्षरांत राज्यवर्ष (सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष) १८ आहे, म्हणजे इ.स. १३३-३४.

फोटोत कडेला बारीक रेघ दिसते आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे. हे ओतीव (साच्यात धातू ओतून केलेल्या) नकलीचं लक्षण की नुसता गंज? हिरवा थर खरा की रासायनिक, हे भिंगाखाली कसं ओळखायचं? अलेक्झांड्रियाची नाणी हाताळलेल्या कुणी सांगितलं तर फार उपकार होतील. पैसे अजून दिलेले नाहीत.